आमची वाटचाल : वायर न कापता

गाड्यांच्या वायरिंगच्या आमच्या कामाची सुरुवात हॉर्न आणि म्युझिक सिस्टिमपासून झाली. तेव्हा गाडीची वायरिंग सरळ होती : बॅटरी, चावी, स्विच, दिवा. टेस्ट लॅम्पची सुई वायरीत खुपसायची, बल्ब पेटला की तिथूनच लाइन घ्यायची आणि वरून काळी टेप गुंडाळायची. फॉग लॅम्प असेल तर रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांपैकी ३० वर बॅटरी, ८७ वर दिवा, ८५ आणि ८६ ला कॉइल. हे आकडे आम्ही दोघे भागीदार आजही झोपेत सांगू.

पुढे गाडीतली कंट्रोल युनिट्स, म्हणजे छोटे संगणक, वाढली. दोन बारीक वायरींवरून इंजिन, ब्रेक आणि मीटर यांचे संदेश फिरू लागले. टेस्ट लॅम्प स्वतः करंट ओढतो. अशा वायरीवर किंवा एअरबॅगच्या सर्किटवर तो लावणं म्हणजे संकटाला आमंत्रण. मग आम्ही ठरवलं की कंपनीची वायर कापायची नाही, लाइन फ्यूज बॉक्समधूनच घ्यायची आणि आधी मल्टिमीटरने मोजायचं. कामाला वेळ लागू लागला. ‘दुसरीकडे अर्ध्या तासात होतं’ म्हणत काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ दिली.

धंदा खरा वाढला तो डॅशकॅममुळे, म्हणजे काचेमागे बसून रस्ता रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यामुळे. पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग हवं असेल तर तीन वायरी लागतात : कायम चालू असलेली लाइन, चावीची लाइन आणि अर्थ, म्हणजे निगेटिव्हकडची परतीची वायर. बहुतेक कॅमेरे ५ व्होल्टवर चालतात, म्हणून मध्ये व्होल्टेज उतरवणारा डबा येतो. हा डबा स्वस्तातला असला की रेडिओत खरखर सुरू होते आणि बोल मात्र आम्हाला बसतो.

इथे आम्ही गिऱ्हाइकाला बसवून हिशेब सांगतो. उभ्या गाडीत कॅमेऱ्याने पाव अँपिअर घेतला तर दिवसाला ६ अँपिअर-तास जातात. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्म्याहून जास्त रिकामी. भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, आणि ११.८ म्हणजे संपल्यातच जमा. तरी काही जण कटऑफ, म्हणजे कॅमेरा आपोआप बंद होण्याचा व्होल्टेज, ११.८ वर ठेवायचा हट्ट करतात, रेकॉर्डिंग जास्त वेळ चालावं म्हणून. गाडी रोज धावत नसेल तर आम्ही १२.२ च्या खाली जात नाही.

फ्यूज टॅप म्हणजे फ्यूज बॉक्समधून जादा लाइन काढणारा जोड. त्यात गाडीचा मूळ फ्यूज एका खाचेत आणि आपला दुसऱ्या खाचेत बसतो. टॅप उलटा बसला तर आपला करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो, म्हणून पुरवठ्याची बाजू आधी मोजून घेतो. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. कॅमेऱ्याच्या बारीक वायरीला १५ अँपिअरचा फ्यूज लावला तर तो असून नसल्यासारखा. अर्थ गाडीच्या बॉडीवर घेतो. अनेक नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घालून थेट टोकावर जोडलं तर आपण वापरलेला करंट त्याच्या हिशेबात येतच नाही. पुढच्या काचेशेजारच्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून नेतो, पुढून कधीच नाही.

शेवटी गाडी लॉक करून सगळी युनिट्स झोपेपर्यंत थांबतो आणि कॅमेरा बंद असताना गाडी किती करंट घेते ते मोजतो. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असलं तर ठीक. कोणत्या खाचेतून लाइन घेतली आणि फ्यूज कितीचा, हे कागदावर लिहून देतो. ‘वायर तर दिसतसुद्धा नाही, मग एवढे पैसे कसले?’ हा प्रश्न अजून येतोच. पण त्या कागदामुळे इतर गॅरेजवाले आता स्वतःहून गाड्या पाठवतात, कारण पुढच्या मेकॅनिकला शोधाशोध करावी लागत नाही.

आता इलेक्ट्रिक गाड्याही येतात. त्यांतही सहसा १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, कॅमेऱ्याचं काम तिच्यावरच होतं. नारिंगी केबलींना मात्र आम्ही हात लावत नाही. ते उच्च दाबाचं काम आहे, त्याचं प्रशिक्षण आमच्यापैकी कोणी घेतलेलं नाही. तशी गाडी आली की आम्ही सरळ नाही म्हणतो.