ऐन वेळचे विषय

वार्षिक सभेच्या नोटिशीत शेवटची ओळ दरवर्षी तीच असायची : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय.’ तिच्या आधी मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चाला मंजुरी देणे, हिशेबतपासनीस नेमणे वगैरे सहा-सात कलमं. बाबा आमच्या व्यापारी संघाचे चिटणीस. रात्री दुकान वाढवून घरी आले, जेवणं झाली, की पाटावर स्टेन्सिल ठेवून टोकदार लेखणीने ते नोटीस लिहायचे आणि मी समोर बसून वाचायचे. दुसरी-तिसरीत असेन, तेव्हा एकदा विचारलं, ‘‘बाबा, हे येणारे विषय येतात कुठून?’’ मान वर न करता ते म्हणाले, ‘‘जिन्याने येतात. दूध उकळेपर्यंत जागी राहिलीस तर दिसतील.’’

दूध म्हणजे कोजागिरीचं. सभा त्याच रात्री असायची.

आमचं दुकान वह्यांचं, पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ. एकेरी, दुरेघी, चाररेघी, चौकटी, शंभर पानी, दोनशे पानी, फुलस्केप, भिंतभर तेच. आजूबाजूला सगळी पुस्तकं-वह्यांचीच दुकानं, त्यामुळे आमच्या भागाचं वर्ष शाळेच्या वेळापत्रकावर चालायचं. मे संपत आला की जुलै निम्मा होईपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. ताडपत्रीखाली पालकांची रांग, दारातल्या गोणपाटावर ओल्या छत्र्या आणि बाबांचा बसलेला आवाज. पुढे गणपती-नवरात्र उरकलं की कोजागिरी, आणि तिच्यानंतर साधारण आठवड्याने पुष्य नक्षत्र. त्या मुहूर्तावर व्यापारी नव्या सालाच्या चोपड्या न्यायला येत, म्हणून लाल कापडी बांधणीच्या रोजमेळ-खतावण्यांचे ढीग तयार ठेवावे लागत. जूनचा लोंढा ओसरलाय आणि दिवाळीची घाई अजून दारात आलेली नाही, अशी उसंत वर्षात तेवढीच. सभा कोजागिरीला ठेवण्यामागे चांदण्यापेक्षा हा हिशेब मोठा होता. पण चांदणंही होतंच की.

नोटीस वाटायला संघाचा शिपाई जायचा. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. बगलेत नोटिशींचा गठ्ठा, हातात सह्यांची वही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांच्याबरोबर फिरायचे. प्रत्येक गल्ल्यावर नोटीस द्यायची, वहीत ‘मिळाली’ असं लिहून घ्यायचं आणि सही. एक आजोबा मोडीत सही करायचे. लेखणी उचलायचीच नाही, एका दमात वेलांटी-उकार गुंफून मोकळे. मला ती सही इतकी आवडायची की त्यांच्या दुकानी पोचलो की वही मीच पुढे करायची. कोणी विचारायचं, ‘‘काय मामा, यंदा दूध आटीव आहे ना?’’ कोणी नोटीस न वाचताच खिशात घालायचं, कारण चौकाच्या फळ्यावर सगळं आधीच वाचलेलं असायचं.

तो फळा म्हणजे आमच्या भागाचं वर्तमानपत्र. संघाच्या जिन्याखाली भिंतीला ठोकलेला, वर पत्र्याची पडवी. बाबा रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो ओल्या फडक्याने पुसायचे आणि नवीन लिहायचे. उद्या पाणी एकच वेळ येणार. अमक्या दुकानापाशी चष्मा सापडला आहे, खूण पटवून न्यावा. अभ्यासक्रम बदलला, जुनी पुस्तकं परत घेण्याची मुदत अमुक तारखेपर्यंत. कोणाच्या घरी नातू झाला, कोणाची मुलगी वकिलीची परीक्षा पास झाली, हे पिवळ्या खडूने. दुःखाची बातमी असली तर दुसरं काहीच लिहायचं नाही. पांढऱ्या खडूने फळ्याच्या मधोमध तेवढ्या दोन ओळी. त्या दिवशी जिन्याखालून जाणारा प्रत्येक जण क्षणभर चप्पल काढून उभा राहायचा.

प्रभात टॉकीजचा नऊचा खेळ सुरू झाला, रस्ता जरा मोकळा झाला, की मंडळी संघाच्या माडीवर जमायला लागत. सतरंजीवर पांढऱ्या चादरी, ज्येष्ठांसाठी भिंतीलगत खुर्च्या, दारात गुलाबपाणी आणि अत्तराचा फाया. वर गच्चीत मोठ्या पातेल्यात दूध चढवलेलं असायचं आणि आई, काकू, शेजारच्या वहिनी आळीपाळीने ते ढवळत असायच्या. केशर-वेलदोड्याचा वास जिन्यावरून खाली उतरला, की जमाखर्चाची चर्चा भराभर आटपायची. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. मग बाबा चष्मा सारखा करून ती शेवटची ओळ वाचायचे, आणि माडीवर खरी सभा सुरू व्हायची.

एका वर्षी, मी पाचवीत असताना, त्या ओळीबरोबर जिन्यात खरोखर कोणीतरी उभं होतं. भवानी पेठेतल्या गोदामातून चौकात कागदाची रिमं आणणारे हातगाडीवाले काका. डोक्यावर गुंडाळलेलं फडकं काढून त्यांनी हातात धरलं होतं. सभासद नसलेल्याने सभेत बोलायचं नाही, असा नियम होता, आणि तो कोणीतरी मोठ्याने सांगितलासुद्धा. त्या पुण्यात डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत होती, माथाडी कायदा १९६९चाच होता, तरी आमच्या माडीवर हमाल बोलायला उभा राहिल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. अध्यक्ष म्हणजे सत्तरीचे, मितभाषी गृहस्थ. त्यांनी बाबांकडे पाहून विचारलं, ‘‘चिटणीस, ओळ पुन्हा वाचा.’’ बाबांनी वाचली. अध्यक्ष म्हणाले, ‘‘अध्यक्षांची परवानगी आहे. या, बसा आणि बोला.’’

काका बसले नाहीत. उभ्यानेच दोन गोष्टी सांगितल्या. फेरीचा दर चार वर्षं तोच आहे. आणि जूनमध्ये दिवसाला पाच-सहा फेऱ्या होतात, पण चौकात प्यायला पाणी मिळत नाही. दुकानात मागायला संकोच वाटतो, गिऱ्हाईक असतं. एवढंच. दरावरून बरंच बोलणं झालं, आवाज चढले, एकजण उठून गच्चीत गेला. पण पाण्याच्या गोष्टीवर सगळी माडी गप्प झाली. बाबांनी त्या रात्री दूध घेतलं नाही, हे माझ्या लक्षात आहे. घरी येताना ते आईला म्हणाले, ‘‘इतकी वर्षं त्याच्याकडून माल उतरवून घेतोय, आणि मला दिसलं नाही.’’ दिवाळीपासून दर वाढला. पाडव्याला फळ्याशेजारी दगडी घडवंचीवर मातीचा रांजण बसला, पितळी ओगराळ्यासकट. रांजण पुढे दोनदा बदलला, आता नळाची स्टीलची टाकी आहे, घडवंची मात्र तीच आहे.

संघाचे बाकीचे कार्यक्रमही वर्षभर चालायचेच. जूनअखेर दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव. त्यात मालकांची आणि नोकरांची मुलं एकाच रांगेत बसायची आणि बक्षीस सगळ्यांना सारखंच, एक कंपासपेटी आणि डझनभर दोनशे पानी वह्या. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या लक्ष्मी रस्त्याने पुढे जाताना वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू. अनंत चतुर्दशीला दुकानं बंद ठेवून पाणीवाटप. या सगळ्याचे फोटो आहेत, वर्तमानपत्रांतली कात्रणं आहेत. कोजागिरीच्या सभेचा एकही फोटो नाही. तिच्यासाठी आहेत त्या सात इतिवृत्तांच्या वह्या, आमच्याच दुकानातल्या, लाल कापडी बांधणीच्या. त्या आता माझ्याकडे असतात, कारण बाबांच्या पश्चात दुकान मी सांभाळते आणि चिटणीसपदही माझ्याकडेच आलं.

त्या वह्या चाळताना एक गोष्ट दिसते. जमाखर्च, अंदाजपत्रक, निवडणूक यांना बाबा तीन-तीन ओळी देत. ‘ऐन वेळचे विषय’ मात्र पानंच्या पानं, आणि बोलणाऱ्याच्या शब्दांत. पानशेत फुटलं त्या १२ जुलै १९६१ची आठवण एका ज्येष्ठांनी सभेत सांगितली, तीही त्यांनी उतरवून ठेवली आहे. नदीकडच्या दुकानांत पाणी शिरलं, भिजलेला कागद असा फुगला की कपाटांची दारं उघडेनात, काही फळ्या तडकल्या, आणि नंतर कित्येक दिवस गल्लीत लगद्याचा वास होता. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की पावसाळ्याआधी खालच्या फळीवरचा माल सगळ्यांनी हातभर वर चढवावा. ठराव मंजूर. आमच्या दुकानात अजूनही सर्वांत खालची फळी मे महिन्यात रिकामी होते.

मला स्वतःला फार जवळचं पान आहे ते बुकबाइंडर काकांचं. १९८९पासून आयकरासाठी सगळ्यांना ३१ मार्चला संपणारं वर्ष धरणं सक्तीचं झालं. त्याआधी कितीतरी व्यापारी दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवत, आणि लक्ष्मीपूजनाला नवी चोपडी लागायचीच. ती बांधणारे हात आमच्याच मागच्या बोळात होते. पुठ्ठ्याला खळ लावणारे, लाल कापड ताणणारे, सुतळीने शिवण घालणारे. त्या वर्षी काका सभेत उठून म्हणाले, ‘‘हिशेब मार्चला गेला, मग दिवाळीला आमच्याकडे कोण येणार?’’ बाबांच्या अक्षरात पुढे लिहिलं आहे : ‘सभागृहात काही काळ शांतता.’ मग ठरलं, की हिशेब कुठेही आणि कधीही असो, संघाच्या प्रत्येक सभासदाने पुष्य नक्षत्रावर बोळातून पूजेसाठी एक चोपडी घ्यायची. आता सगळ्यांचा हिशेब संगणकावर आहे. तरी लक्ष्मीपूजनाला पाटावर एक चोपडी असते, पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’ काढलेला, डावी-उजवीकडे शुभ आणि लाभ. काका गेले, त्यांचा मुलगा अजून ती बांधतो.

माझी स्वतःची नोंद सहाव्या वहीत आहे. बायका तोवर सभेला असायच्या त्या गच्चीत, दुधापाशी. मी नुकती दुकानात बसू लागले होते आणि आसपासच्या दुकानांतून कामाला येणाऱ्या मुलींशी माझं बोलणं व्हायचं. सकाळी दहाला आलेली मुलगी रात्री नऊला घरी जायची. दिवसभर पाणी पीत नसे, कारण जायला जागाच नव्हती. त्या कोजागिरीला बाबांनी शेवटची ओळ वाचली आणि मी हात वर केला. घसा कोरडा पडला होता. बाबांनी वर पाहिलं, पण बोलले अध्यक्षच : ‘‘परवानगी आहे.’’ मी तीन वाक्यं बोलले असेन. गच्चीच्या दारात आई आणि काकू पळी हातात धरून उभ्या होत्या. आणि दरावरून कधीकाळी गच्चीत निघून गेलेले तेच गृहस्थ पहिल्यांदा उठले. ते म्हणाले, माझ्या दुकानामागे मोरी आहे, तिची दुरुस्ती करून घेतो, दार बोळातून काढू. दोन महिन्यांत झालं. किल्ल्या तीन केल्या, आणि त्यांतली एक आजही आमच्या गल्ल्याशेजारच्या खिळ्याला आहे. मुली आत येतात, न बोलता किल्ली उचलतात, परत आणून लावतात.

२०२०ची कोजागिरी माडीवर झालीच नाही. शाळा बंद, जूनसाठी भरलेला माल तसाच फळ्यांवर, गोदामातल्या गठ्ठ्यांना कसर लागण्याची भीती. आम्ही मोबाईलवर सभा घेतली. मी शेवटची ओळ वाचली तेव्हा एका शिक्षिकेचं पत्रही वाचून दाखवलं. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांकडे फोन नव्हता. ती वस्तीत जाऊन अभ्यास लिहून द्यायची आणि वह्या संपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानासमोर गठ्ठे येऊन पडायला लागले, कोणी पाच डझन, कोणी वीस. कोणी किती दिले, हे लिहायचं नाही, असं सभेतच ठरलं होतं.

यंदाच्या सभेसाठी परवा मी आठवी वही उघडली. मागच्या, २०२५च्या सभेच्या नोंदीत वह्या-पेन्सिली-खोडरबरांवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून शून्य झाल्याची बातमी आहे आणि तिच्यावर झालेल्या टाळ्याही. नोटीस आता सगळ्यांच्या फोनवर जाते. मामांच्या नातवाने तरीही सह्यांची वही घेऊन एक फेरी मारली. नव्या पानावर मी विषयांची कलमं लिहून काढली, प्रत्येकाखाली तीन ओळींची जागा सोडली. शेवटच्या कलमाखाली बाबा सोडायचे तशी चार पानं कोरी ठेवली, आणि मग खडू घेऊन फळा पुसायला खाली उतरले.