माणसाआधी पासपोर्ट

आज कामाच्या ऑनलाइन बैठकीनंतर मी स्वतःच्याच वागण्याने खजील झालो. जर्मन सहकाऱ्याने सांगितलेली मुदत मी निमूटपणे टिपून घेतली. इटालियन सहकाऱ्याकडून मात्र तीच गोष्ट लेखी मागितली, वास्तविक दोघांशीही माझी ओळख आजचीच होती. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ४९ संस्कृतींचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात राष्ट्रीय स्वभावाविषयीच्या रूढ समजुती आणि त्या लोकांचे प्रत्यक्ष मोजलेले स्वभावगुण यांचा मेळ बसला नव्हता, हे मला ठाऊक होते (आणि चारचौघांत मी ते ऐटीत सांगितलेही आहे). इटालियन सहकाऱ्याने तासाभरात लेखी मुदत पाठवली. जर्मन सहकाऱ्याकडे ती मागण्याचा संकोच अजून सुटलेला नाही.