पांढरं आधी ठरवायचं

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला पुण्यात बाजीराव रोडवर विश्रामबागवाड्यासमोर फोल्डिंगचं स्टूल टाकून बसले, रस्ता जवळपास रिकामा, आणि पहिला अर्धा तास मी रंगाला हातच लावला नाही. फिरायला निघालेले एक काका थांबले, "काय मॅडम, काढताय की नुसतंच बघताय?" म्हटलं काका, आत्ता बघतेय, तेच मोठं काम आहे.

आणि खरंच आहे ते. वॉटरकलरमध्ये पांढरा म्हणजे कागद. तैलरंगात गडदावर नंतर उजेड चढवता येतो, इथे एकदा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, गेला की गेला, त्यामुळे कुठे रंग लावायचाच नाही हे सगळ्यात आधी ठरवावं लागतं. मी हे पुण्यातल्याच ओंकारेश्वराच्या देवळाच्या चित्रात शिकले. घाटाकडून शिखर इतकं सुंदर दिसत होतं की बसल्या बसल्या ब्रश भिजवला, आकाशाचा निळा वॉश ओढला आणि तो शिखरावरूनही गेला, मग टिश्यूने टिपलं, ओल्या ब्रशने घासलं, शेवटी कागदाचे दाणे सुटायला लागले पण तो उजेड काही परत आला नाही. फार वाईट वाटलं होतं त्या दिवशी.

तेव्हापासून आधी ४बी पेन्सिलने व्हिजिटिंग कार्डाएवढे तीन चौकोन. तपशील नाही, फक्त तीन टोन, पांढरा, मधला, गडद. पहिल्या चौकोनात वाडा नेहमी मधोमध येऊन बसतो, दुसऱ्यात मी उगाच सगळंच घालते, तिसऱ्यापर्यंत कळतं की मला मुळात वाडा काढायचाच नाहीये, दारावरच्या लाकडी गॅलरीतले ते सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि त्यांच्यामागचा अंधार काढायचाय. १८०७ च्या सुमाराचं ते कोरीवकाम, त्यातली पानं न् पानं काढत बसले तर खांब हरवतील. म्हणजे खांबांच्या कडा कोऱ्या, मागे एकच गडद वॉश, बाकी सगळं फिकं. वॉश सुकला की फिका होतो म्हणून तो डोळ्याला दिसतो त्याहून जरा जास्तच गडद घ्यायचा, हेही तिथेच कोपऱ्यात लिहून ठेवते.

आजी रांगोळी काढायची तेव्हा आधी १५ ते ८ ठिपके मोजून टाकायची आणि मग हात असा सुटायचा की बघत राहावं. एवढं ठरवलं तर चित्र कडक होतं, त्यातली मजा जाते असं बरेच जण म्हणतात, मला अजिबात पटत नाही, ठरलेलं असतं म्हणूनच हात मोकळा चालतो. हां, घरी बसून महिनोन्‌महिने ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कुठला कागद चांगला याचे व्हिडिओ बघणं, तेही मी केलंय, त्याला मी विचार करणं म्हणणार नाही. विचार हातात पेन्सिल असताना आणि समोर ती जागा असतानाच होतो, निदान माझा तरी.

सव्वासातला पहिला वॉश टाकला. आठच्या सुमारास एक टेम्पो बरोब्बर समोर येऊन उभा राहिला आणि निम्मी गॅलरी झाकली गेली. तिसरा चौकोन मांडीवर होता, त्यात बघून खांबांमागचा अंधार भरत गेले.