डोंबिवली ते परळ: माझ्या कोलोनोस्कोपीचा प्रवास

कोलोनोस्कोपी म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून बघण्याची तपासणी. ती झाल्यावर डॉक्टरांनी रिपोर्टमधले फोटो दाखवले. गुलाबी, ओलसर भिंतींचा एक बोगदा, आणि त्याच्या एका वळणावर चिकटून बसलेल्या टोमॅटोच्या चार बिया. "कोशिंबीर कधी खाल्लीत?" त्यांनी विचारलं. दोन दिवसांपूर्वी, बहिणीकडे. चमचाभरच वाढ म्हणालो होतो.

वडिलांना ५८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, आणि कळेपर्यंत तो यकृतात पोचला होता. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झाला असेल तर चाळिसाव्या वर्षीच तपासून घ्यायला सांगतात. मी गेलो ४६व्या वर्षी. मधली सहा वर्षं नुसत्या भीतीत गेली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

त्या बियांचा रस्ता आधी सांगतो, कारण तो समजला की तयारीतली प्रत्येक सूचना पटते. घास तोंडात गेला की लाळ पिष्टमय पदार्थ फोडायला लागते. अन्ननलिकेतून तो काही सेकंदांत खाली जातो. तिथले स्नायू लाटेसारखे आवळत त्याला ढकलतात, म्हणून आडवं पडूनही गिळता येतं. जठरात दोन ते चार तास आम्लात घुसळण होते. मग सुमारे ६ मीटर लांबीचं लहान आतडं. यकृतातलं पित्त इथे चरबीचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिनं, चरबी सगळ्यांवर काम करतो, आणि आतड्याच्या भिंतीवरचे बोटांसारखे इवले उंचवटे ते सत्त्व रक्तात ओढून घेतात. भात, वरण, तूप सगळं इथेच संपतं. बीचं कवच मात्र सेल्युलोजचं, आणि ते फोडणारं एन्झाइम माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. बी जशीच्या तशी मोठ्या आतड्यात येते. ते जेमतेम दीड मीटरचं, पण चाल संथ. दीड-दोन दिवस तिथे सहज जातात. माझ्या बिया तिथेच सापडल्या.

म्हणून तीन दिवस आधीपासून साल, बी आणि चोथा बंद. पालेभाज्या, पेरू, तीळ, भाकरी, कोशिंबीर काही नको. पांढरा भात, ताक आणि साल काढलेला उकडलेला बटाटा यांवर मी राहिलो, ती एक कोशिंबीर सोडून. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारे द्रव पदार्थ: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत अजिबात नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर तारीख घेतानाच डॉक्टरांना सांगा. काय थांबवायचं आणि कधी, हे त्यांनीच ठरवायचं.

आता आतडं साफ करायचं औषध. दोन लिटर पाण्यात कालवायची पावडर, अर्धी रात्री आठला, अर्धी पहाटे साडेचारला. आपण पितो ते आणि शरीर स्वतः सोडतं ते पाचकरस मिळून रोज सुमारे ९ लिटर द्रव आतड्यात उतरतो. त्यातला जवळजवळ सगळा परत शोषला जातो, शौचावाटे १००-२०० मिली जेमतेम बाहेर पडतो. ही पावडर पाणी धरून ठेवते, आतड्याला शोषू देत नाही, म्हणून सगळं धुऊन निघतं. मी पहिले तीन ग्लास घाईने प्यायलो आणि मळमळलं. अर्धा तास थांबलो, उरलेलं फ्रीजमध्ये गार केलं, मग दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. ते सहज गेलं. पहाटे शेवटी फिकट पिवळं, स्वच्छ पाणी येऊ लागलं की समजायचं आतडं रिकामं झालं. तो पिवळेपणा पित्ताचा असतो. पित्तातल्या रंगद्रव्यावर जिवाणूंनी काम केलं की मलाला तपकिरी रंग येतो, आणि आता त्यांच्या वाट्याला काहीच उरलेलं नसतं.

कुठे राहायचं हे आधी ठरवा. लोकलमध्ये संडास नसतो, आणि पहाटेचा डोस घेऊन डोंबिवलीहून परळच्या हॉस्पिटलपर्यंत तास-सव्वातास उभं राहणं अशक्य आहे. मावशीची खोली लालबागला अगदी जवळ, पण चाळीत, संडास सामाईक. तिला वाईट वाटलं, तरी मी प्रभादेवीला आतेभावाकडे गेलो; त्याच्या घरात दोन संडास आहेत. मऊ टॉवेल आणि व्हॅसलीन बरोबर ठेवा, रात्री दहानंतर दोन्हींची गरज पडते. तपासणीची वेळ सकाळी दहाची होती, सहाला शेवटचा घोट घेतला, त्यानंतर पाणीही नाही.

प्रत्यक्ष तपासणी या सगळ्यात सर्वांत सोपी. डाव्या कुशीवर झोपवलं, शिरेतून गुंगीचं औषध दिलं. नळी अन्नाच्या उलट दिशेने जाते, लहान आतड्याच्या तोंडापर्यंत, आणि भिंती नीट पाहायच्या त्या नळी मागे घेताना. जाग आली तेव्हा पोट फुगलेलं, कारण बघण्यासाठी आत वायू भरतात. तो सोडायला लाजू नका, तिथल्या नर्सताईच "सोडा, काका" म्हणत होत्या. गुंगीमुळे त्या दिवशी गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. सोबतीला माणूस लागतोच. आतेभावाने टॅक्सीने घरी नेलं आणि मऊ भात वाढला.

बियांच्या अलीकडे, त्याच वळणावर, ६ मिलिमीटरचा एक कोंब होता. पॉलिप म्हणतात त्याला. तारेच्या फासात धरून तो तेव्हाच काढला, मला कळलंही नाही. आठवड्याने रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, पण राहिला असता तर काही वर्षांत होऊ शकणाऱ्या जातीचा. पुढची तपासणी पाच वर्षांनी.

धाकटा भाऊ ४२चा आहे, ठाण्याला राहतो. त्याची तारीख १८ला आहे, आदल्या रात्री मी त्याच्याकडे मुक्कामाला जातोय.