उंचीची पट्टी

माझ्याकडे मूल तपासायला आलं की आधी वजनकाटा आणि मग भिंतीवरची उंचीची पट्टी. चपला काढायच्या, टाचा भिंतीला टेकवायच्या, मान ताठ, नजर समोर. काही मुलं हळूच चवड्यांवर उभी राहतात. मी खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली आणते आणि आकडा मिलिमीटरपर्यंत वाचून लिहिते. सिस्टर हे काम करायला तयार असतात, पण गेली कित्येक वर्षं मी ते दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही.

मी लहान मुलांच्या पोटाची डॉक्टर आहे. माझी बहुतेक मुलं आयबीडीची, म्हणजे क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस झालेली. पुष्कळ जण याची आयबीएसशी गल्लत करतात. आयबीएसमध्ये पोट दुखतं, पण आतडं शाबूत असतं. आयबीडीत शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते, आतून व्रण पडतात. कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता राहतो, क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. रुग्णांपैकी सुमारे चौथाई जणांना हा आजार विशीच्या आतच गाठतो.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक 11 वर्षांचा मुलगा माझ्याकडे यायचा. मधूनच पोटात कळ यायची, दोन दिवसांनी थांबायची. जुलाब नाहीत, शौचातून रक्त नाही. आई दर वेळी एकच वाक्य म्हणायची, "मॅडम, खाल्लेलं याच्या अंगीच लागत नाही." मी जंतांचं औषध दिलं. पुढच्या वेळी अभ्यासाचा ताण म्हटलं. वजन प्रत्येक वेळी लिहिलं, उंची एकदाही नाही. अशी दोन वर्षं गेली.

मग एके दिवशी माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीने त्याची उंची मोजली आणि त्याच्या शाळेच्या तपासणीचं जुनं कार्ड मागवून घेतलं. दोन वर्षांत 3 सेंटिमीटर. त्या वयात वर्षाला साधारण 5 तरी हवेत. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याला पूर्ण, कपडे काढून तपासलं. गुदद्वाराजवळ सुजलेलं मांसाचं टोक होतं. ते सहज दिसण्यासारखं होतं आणि मी पाहिलं नव्हतं. स्कोपमध्ये, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला खोल व्रण दिसले, बायोप्सी घेतली, टीबी नाही याची खात्री केली. क्रोन्स.

1932 साली क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी 14 रुग्णांवरचा तो प्रसिद्ध लेख लिहिला, तेव्हा हा मुख्यत्वे तरुण माणसांचा आजार म्हणून मांडला होता. आम्ही शिकलो तेव्हाही डोळ्यासमोर तेच चित्र असायचं: जुलाब, पोटदुखी, वजन उतरलेला प्रौढ माणूस. मुलांमध्ये पोटाची तक्रार अंगावर दिसायच्या आधीच उंची थांबलेली असू शकते. भूक मंदावते हे एक कारण, पण तेवढंच नाही. आतड्यातल्या दाहातून रक्तात उतरणारी रसायनं यकृताला ग्रोथ हॉर्मोनचं ऐकू देत नाहीत. हॉर्मोन असतं, पण हाडांपर्यंत वाढीचा निरोप नीट पोहोचत नाही. वयात येणंही लांबतं. आणि हाडांच्या टोकांच्या वाढीच्या चकत्या एकदा जुळल्या की पुढे कितीही चांगलं औषध दिलं तरी उंची मिळत नाही. आमच्या कामात घाई आहे ती याची.

म्हणूनच स्टिरॉइड देताना माझा हात आखडतो. त्याने पोट चार दिवसांत शांत होतं, पण चेहरा गोल होतो आणि वाढ आणखी खुंटते. क्रोन्सच्या मुलांसाठी दुसरा मार्ग आहे: 6 ते 8 आठवडे बाकी सगळं अन्न बंद, फक्त पोषक द्रव. दाह आटोक्यात आणण्यात तो स्टिरॉइडच्या तोडीचा ठरतो आणि व्रण त्याहून चांगले भरतात. सांगायला सोपं आहे. या मुलाने ते केलं. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, आम्ही जेवायला बसलो की तो आपल्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. मी त्याला फोन केला. "अजून किती दिवस?" एवढंच त्याने विचारलं. मी मोजून सांगितलं, सव्वीस.

पुढे प्रतिकारशक्ती आवरणारं अझाथायोप्रिन, दर काही आठवड्यांनी रक्ततपासणी, आणि ते पुरेना तेव्हा दाह रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब. शिरेतून, आधी 0, 2 आणि 6 व्या आठवड्यात, मग दर 8 आठवड्यांनी. या औषधाला अमेरिकेत मोठ्यांच्या क्रोन्ससाठी 1998 साली मंजुरी मिळाली आणि मुलांसाठी 2006 साली. मध्ये आठ वर्षं. आठ वर्षांत 10 वर्षांचं मूल 18 चं होतं. नव्या औषधांच्या बाबतीत आजही मुलांना मागेच थांबावं लागतं आणि मला ते अजिबात पटत नाही. ज्यांच्याकडे वेळ सर्वांत कमी, त्यांनीच वाट पाहायची.

या कामात मी आणखी एक गोष्ट शिकले, ती कुणी शिकवली नव्हती. मुलाशी एकट्याने बोलायचं. आईसमोर "किती वेळा जावं लागतं?" विचारलं की उत्तर येतं तीन. आई बाहेर गेली की खालमानेने तेच उत्तर आठ होतं. याच मुलाने मला सांगितलं होतं की वर्गात तो दाराजवळचाच बाक धरतो आणि सहलीचा कागद घरी दाखवतच नाही.

औषध लागू पडल्यावर पहिल्या वर्षात तो 8 सेंटिमीटर वाढला. दर खेपेला चपला काढून आपणच पट्टीखाली उभा राहायचा. "मॅडम, वाढलो?"

18 पूर्ण झाल्यावर त्याला मोठ्यांच्या डॉक्टरांकडे सोपवायची वेळ आली. वर्षभर आधीपासून तयारी सुरू होती. औषधांची नावं, डोस, शेवटचा कॅलप्रोटेक्टिन (शौचातून आतड्याचा दाह मोजणारी तपासणी) किती, सगळं त्याला स्वतःला सांगता यायला हवं होतं. शेवटच्या भेटीला तो एकटाच आत आला, आई बाहेर थांबली. उंची भरली 164.5. वडील त्याच्यापेक्षा बरेच उंच.

"वेळेवर कळलं असतं तर अजून वाढलो असतो का?"

मी म्हणाले, "हो. बहुतेक वाढला असतास."

तो थोडा वेळ पट्टीकडे बघत राहिला. मग विचारलं, "तिकडचे डॉक्टर मोजतील?"

"नाही. मोठ्यांची मोजत नाहीत."

त्याने चपला घातल्या. मी नव्या डॉक्टरांसाठी पत्र लिहायला घेतलं. निदानाची तारीख लिहिली, त्याखाली लक्षणं सुरू झाल्याची तारीख, आणि मधली दोन वर्षं तो माझ्याकडेच येत होता हेही लिहिलं.