लुंग तामची गोगलगाय

हनोईहून रात्रभराचा बसप्रवास करून आम्ही व्हिएतनामच्या उत्तर टोकावरील ‘हा जांग’ या तेव्हाच्या प्रांतात पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी लुंग ताम या ह्मोंग नावाच्या डोंगरी जमातीच्या गावी गेलो. इथल्या बायका भांगेच्या झाडाच्या सालीपासून सूत काढून कापड विणतात. भांग म्हटले की आपल्याला महाशिवरात्र आठवते, इथे मात्र तिचे नाते घागऱ्याशी आहे. सालीचे धागे बोटांनी जोडण्याचे काम चालताबोलता सुरूच असते. आम्हाला वाट दाखवणाऱ्या बाईंच्या हातातही त्यांचे भेंडोळे होते.

एका अंगणात एक आजी निखाऱ्यांवर मेणाचे भांडे ठेवून, तांब्याचे पाते बसवलेल्या लेखणीने पांढऱ्या कापडावर रेघा ओढत बसल्या होत्या. मेण लागले तिथे नीळ शिरत नाही. त्यामुळे कापड कित्येक दिवस पुन्हापुन्हा निळीत बुडवून, वाळवून, शेवटी उकळत्या पाण्यात त्याचे मेण उतरवले की नक्षी उमटते.

एका वेटोळ्यावर बोट ठेवून मी अर्थ विचारला. आजी म्हणाल्या, "गोगलगाय." दुभाष्या मुलीने भर घातली की मधला बिंदू म्हणजे पूर्वज आणि बाहेर उलगडणारे वेढे म्हणजे पुढच्या पिढ्या. आजी हसल्या आणि आपली आई असेच काढत असे, एवढेच म्हणाल्या. मला त्यांचेच उत्तर अधिक पटले. चातुर्मासात गोपद्मे काढणारी आपल्याकडची बाईही बहुधा सासूचाच हवाला देईल.

नक्षी बदलत राहते, याचे मला वाईट वाटत नाही. १९७५ नंतर लाओसमधून थायलंडच्या निर्वासित छावण्यांत पोहोचलेल्या ह्मोंग बायकांनी मेकाँग ओलांडणारी माणसे आणि विमानेही कापडावर भरली. खरी अडचण कापडाची आहे. बाजारात चीनहून आलेले, हीच नक्षी छापलेले पॉलिएस्टरचे घागरे स्वस्त मिळतात, आणि महिनोन्‌महिने खपून एक घागरा करणाऱ्या बाईने रोजच्या वापरासाठी ते घेतले तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मृताच्या अंगावर मात्र भांगेचेच कापड लागते, नाहीतर पलीकडे पूर्वज त्याला ओळखणार नाहीत, अशी इथली श्रद्धा आहे.

आजींना त्याविषयी विचारायचा मला धीर होत नव्हता. त्यांनीच सहज सांगितले की त्यांचा घागरा पेटीत तयार आहे, फक्त चुण्या घालायच्या राहिल्या आहेत.