व्हर्च्युअलबॉक्स उबुंटूवर अडलं की पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका

उबुंटू या लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) टाकलं, खिडकी उघडली, नवं मशीन तयारही झालं. 'स्टार्ट' दाबलं आणि एररची पाटी समोर आली: 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड', शेजारी 'आरसी=-१९०८'. बहुतेक जण इथे पॅकेज काढून पुन्हा टाकतात, मग परत काढून परत टाकतात. त्याने फरक पडत नाही, कारण दिसणारा प्रोग्राम धडधाकट असतो. अडलेलं असतं ते 'व्हीबॉक्सडीआरव्ही' हे कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला (कर्नलला) जोडला जाणारा तुकडा. ते तयार येत नाही. तुमच्याच मशीनवर, तुमच्याच कर्नलसाठी कंपाइल होतं, म्हणजे सोर्स कोडपासून बनतं.

म्हणून आधी एवढंच शोधायचं: मॉड्यूल बनलंच नाही, की बनलं पण कर्नलने आत घेतलं नाही, की आत गेलं पण प्रोसेसर दुसऱ्याच्या ताब्यात आहे? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

टर्मिनल उघडून 'सुडो मॉडप्रोब व्हीबॉक्सडीआरव्ही' द्या. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.) 'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं तर ते बनलेलं नाही. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं तर सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चढू न देणारी सोय) आडवा आलाय. काहीच न बोलता प्रॉम्प्ट परत आला तर मॉड्यूल चढलं. मग थेट केव्हीएमच्या (लिनक्सच्या स्वतःच्या व्हर्च्युअलायझेशन मॉड्यूलच्या) भागाकडे वळा.

मॉड्यूल न बनण्याचं सगळ्यात सामान्य कारण म्हणजे कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स) नसणं. 'युनेम -आर' ने चालू कर्नलचा आकडा पाहा आणि नेमक्या त्याच आकड्याचं 'लिनक्स-हेडर्स' पॅकेज आहे का ते तपासा. अपडेटनंतर रीबूट केलेलं नसेल तर हेडर्स नव्या कर्नलचे आणि चालू कर्नल जुना, असा घोळ होतो. तिथे रीबूट हाच इलाज. हेडर्स टाकताना फक्त त्या एका आकड्याचे टाकू नका, पुढच्या अपडेटला पुन्हा तेच रडगाणं येईल. 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' टाका, उबुंटू २४.०४ वर एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा नवा) कर्नल असेल तर त्याच नावापुढे 'एचडब्ल्यूई-२४.०४' जोडलेलं. मग प्रत्येक नव्या कर्नलबरोबर हेडर्स आपोआप येतात.

हेडर्स आहेत, तरी कंपाइल फसतंय? मग लॉग वाचा. उबुंटूचं पॅकेज असेल तर 'व्हार', 'लिब', 'डीकेएमएस' (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणारी सोय), 'व्हर्च्युअलबॉक्स' असं आत गेल्यावर आवृत्तीच्या फोल्डरमध्ये, 'बिल्ड' खाली 'मेक.लॉग' सापडतो. शेवटची ओळ वाचून उपयोग नाही, तिथे नुसता 'मेक' चा आरडाओरडा असतो. वरून खाली येताना 'एरर' शब्द पहिल्यांदा जिथे दिसेल, ती ओळ खरी.

त्या ओळीत 'अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन' आणि पुढे 'ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट' दिसलं, तर दोष कंपायलरचा. उबुंटू २२.०४ वर हे बऱ्याच जणांना भोवलं: तिथला नेहमीचा कंपायलर जीसीसी ११, पण ६.५ चा एचडब्ल्यूई कर्नल जीसीसी १२ ने बांधलेला. ११ ला तो ऑप्शन कळतच नाही. 'जीसीसी-१२' टाकलं की काम होतं. कर्नल कोणत्या कंपायलरने बांधलाय हे 'प्रॉक' मधल्या 'व्हर्जन' फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

त्याऐवजी एखादं फंक्शन सापडत नाही, त्याला दिलेले आर्ग्युमेंट्स जुळत नाहीत, अशा तक्रारी असतील तर व्हर्च्युअलबॉक्स जुनं आणि कर्नल नवा. २४.०४ आलं तेव्हा कर्नल ६.८ होता आणि उबुंटूच्या रेपॉझिटरीत (पॅकेजेसच्या साठ्यात) व्हर्च्युअलबॉक्स ७.०.१६; २४.०४.३ बरोबर कर्नल ६.१४ वर गेला. तात्पुरतं चालवायचं असेल तर ग्रबच्या (बूट होताना येणाऱ्या मेन्यूच्या) 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून जुना कर्नल निवडा. कायमचं हवं असेल तर व्हर्च्युअलबॉक्स बनवणाऱ्या ओरॅकलच्या रेपॉझिटरीतलं नवं पॅकेज घ्या. पण त्याआधी उबुंटूची 'व्हर्च्युअलबॉक्स' आणि 'व्हर्च्युअलबॉक्स-डीकेएमएस' ही दोन्ही पॅकेजेस 'पर्ज' करा (सेटिंग्जसकट काढा). दोन्हींची सरमिसळ म्हणजे हाताने ओढवून घेतलेलं दुखणं. तुमची मशीन्स होम फोल्डरमध्ये असतात, त्यांना धक्का लागत नाही. मात्र 'सेव्ह्ड स्टेट' मध्ये ठेवलेलं मशीन आधी नीट शटडाउन करा, नव्या आवृत्तीत ती स्थिती उघडेलच असं नाही. ओरॅकलच्या पॅकेजला डीकेएमएस लागत नाही. तिथे 'सुडो /एसबिन/व्हीबॉक्सकॉन्फिग' चालवायचं आणि 'व्हार', 'लॉग' खालचा 'व्हीबॉक्स-सेटअप.लॉग' वाचायचा.

आता सिक्युअर बूट. तो चालू आहे का, हे 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' सांगतं. चालू असेल तर कर्नल फक्त ओळखीच्या किल्लीने सही केलेली मॉड्यूल्स आत घेतो. उबुंटू सहीसाठी किल्ली बनवतं, पण ती मशीनच्या फर्मवेअरकडे नोंदवायचं काम तुमचं. 'सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट' आणि पुढे 'व्हार', 'लिब', 'शिम-साइन्ड', 'मोक' या फोल्डरमधल्या 'एमओके.डर' फाइलचा पूर्ण पत्ता द्या ('एमओके' कॅपिटल अक्षरांत). एक पासवर्ड मागेल, टाइप करताना तो दिसणार नाही. मग रीबूट.

इथेच घोटाळा होतो. रीबूट होताच निळा पडदा येतो आणि कोणतीही की दाबायला फक्त १० सेकंद असतात. तेवढ्यात चहा घ्यायला उठलात तर उबुंटू नेहमीसारखं सुरू होतं, नोंदणीची विनंती रद्द होते, आणि सगळं पहिल्यापासून. वेळेत की दाबली तरी मेन्यूत वरचा पर्याय 'कंटिन्यू बूट' असतो. सवयीने एंटर मारलं की गेलं. खाली येऊन 'एनरोल एमओके', मग 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, 'रीबूट'. पासवर्ड साधा अंकांचा ठेवा, कारण त्या पडद्यावर तुमच्या डेस्कटॉपची कीबोर्ड मांडणी चालत नाही.

बायोसमध्ये सिक्युअर बूट सरळ बंद करा, असा सल्ला सर्रास मिळतो. चालतो तो, पण शेजारी बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) लावलेलं विंडोज असेल तर पुढच्या वेळी ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नका. किल्ली नोंदवणं पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरा प्रकार तुलनेने नवा. मॉड्यूल चढलेलं असतं, तरी मशीन सुरू करताना 'व्हीईआरआर_व्हीएमएक्स_इन_व्हीएमएक्स_रूट_मोड' येतं. कर्नल ६.१२ पासून केव्हीएम मॉड्यूल चढताक्षणीच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय स्वतःकडे घेतं. पूर्वी ते पहिलं मशीन सुरू होईपर्यंत थांबायचं. 'सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल' ने ते उतरवा, एएमडीवर 'केव्हीएम_एएमडी'. 'इन यूज' म्हणालं तर गनोम बॉक्सेस किंवा अँड्रॉइड एम्युलेटर चालू आहे का बघा. हे पुढच्या बूटपर्यंतच टिकतं. कायमसाठी ग्रबच्या कर्नल ओळीत 'केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=०' घाला आणि 'सुडो अपडेट-ग्रब' करा. केव्हीएम ब्लॅकलिस्ट करण्यापेक्षा (चढूच न देण्यापेक्षा) हे बरं, केव्हीएमही हाताशी राहतं. केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स एकाच वेळी मात्र चालवायचे नाहीत.

एररमध्ये 'व्हीएमएक्स_डिसेबल्ड' किंवा 'एसव्हीएम_डिसेबल्ड' असेल तर लिनक्सचा संबंध नाही, बायोसमध्ये व्हीटी-एक्स (इंटेल) किंवा एसव्हीएम (एएमडी) चालू करा. व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून त्याशिवाय चालतच नाही.

मशीन चालतंय पण पेनड्राइव्ह दिसत नाही, तर स्वतःला 'व्हीबॉक्सयूजर्स' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. नुसतं टर्मिनल बंद-चालू करून भागत नाही. यूएसबी ३ साठी एक्स्टेन्शन पॅक (व्हर्च्युअलबॉक्सचा वेगळा जोड-संच) शोधायची गरज व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून उरलेली नाही. दुसऱ्या कशासाठी तो टाकलाच, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या नेमक्या त्याच आवृत्तीचा घ्या.